दोन चटया आणि एक झेल

‘हत्यार’ या शब्दापाशी जजबाई थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

“मासा?”

“कुपा मासा, बाई,” सरकारी वकील म्हणाले. “चांगला हातभर लांब. फोटो जोडलाय.”

“आणि मूळ मासा?”

वकिलांनी पोलिसाकडे पाहिलं. पोलिसानं छताकडे पाहिलं. “टिकण्यासारखा नव्हता, बाई,” तो म्हणाला.

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. आमच्या बाजूनं आलं की त्यांच्या, ते कळलं नाही. अप्पांनी मात्र माझ्याकडेच डोळे वटारले.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचं घराणं त्या दिवशी ती पायरी दोनदा चढलं. पहिल्या खटल्यात आम्ही आरोपी, दुसऱ्यात फिर्यादी. समोरच्या बाकावर मुलितालोचं घराणं बसलं होतं, त्यांचंही तसंच, फक्त उलटं. बेटावर कोर्ट एक, कोर्टाला खोली एक, आणि भिंतीवरचा पंखाही एकच. तो त्यांच्या बाजूला वळला की आमच्या बायका घामाघूम व्हायच्या आणि त्याचाही राग मुलितालोवर काढायच्या.

खटला पहिला. आरोपी माझी आत्या, पेलेनातेते, वय अठ्ठावन्न. गावच्या मैदानावर बायकांच्या किरिकितीच्या, म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रिकेटच्या, सामन्यात झेलबाद दिल्यावर तिनं तिधारी बॅट अंपायरला फेकून मारली. आमची बॅट म्हणजे दीड हात फळी नव्हे. खांद्यापर्यंत येणारा सोटा असतो. अंपायरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. अंपायर एतुआले, मुलितालोचा धाकटा भाऊ, समुद्रापासून आत, मळ्याकडच्या आळीतला.

खटला दुसरा. आरोपी पिसाइना, एतुआलेची बायको. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर भर गर्दीत तिनं माझ्या अप्पांच्या थोबाडात मासा मारला. माझे अप्पा वाइतोआ, आमच्या घराण्याचे मताई. कुटुंबप्रमुख, सगळ्यांच्या वतीनं बोलणारा आणि सगळ्यांच्या वतीनं शरम बाळगणारा माणूस. त्यांच्या गालाला तीन दिवस खवले चिकटले होते असं गाव म्हणतं. तीन दिवस नव्हे, एकच दिवस, पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार!

आणि वर कळस म्हणजे पिसाइना माझी सख्खी मावशी. माझ्या आईची थोरली बहीण. दोन आठवडे दोघी बहिणी एकाच चर्चमध्ये एकमेकींकडे पाठ करून स्तोत्रं म्हणत होत्या, आणि दोघींचे आवाज एकसारखेच बेसूर.

“पेलेनातेते,” जजबाई म्हणाल्या, “बॅट मारली हे कबूल आहे?”

आत्या उभी राहिली. अंगावर रविवारचा पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी. “बाई, बॅट निसटली.”

“वीस पावलं?”

“हात घामेजले होते.”

“आणि ‘घे तुझा झेल, चोरा’ असं तुम्ही ओरडलात, हे सांगणारे अकरा साक्षीदार आहेत.”

“ते ओरडले,” आत्या म्हणाली. “ते कबूल. मी आऊट नव्हतेच. चेंडूला टप्पा पडला होता.”

“टप्प्याचा खटला माझ्यासमोर नाही.”

“तोच तर खरा खटला आहे, बाई!”

पलीकडे एतुआले हात गळ्यात बांधून बसला होता. मान खाली. मावशी त्याच्या शेजारी ताठ. मी मावशीकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं: टप्पा म्हटल्याबरोबर तिनं आपल्या पोशाखाच्या टोकाशी चाळा सुरू केला. तो झेल घेतला होता तिनंच.

जजबाईंनी दोन्ही फायली एकावर एक ठेवल्या. “मी शुक्रवारी निकाल देते. दोन्ही घरं ऐका. गुन्हा कबूल असेल, आणि तुमच्या रीतीनं माफी मागून ती समोरच्यानं घेतली असेल, तर कायदा मला मोकळीक देतो. शिक्षेची नोंद न करता मी समज देऊन सोडू शकते. पण माफी म्हणजे कबुली. ‘निसटली’ म्हणणाऱ्याची माफी मी कशी धरू? नाहीतर दोघींनाही शिक्षा. नोंदीसकट.”

नोंद. हा शब्द ऐकला आणि आत्याचा चेहरा उतरला. त्याचं कारण आमच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक होतं.

*

गावाला परत जायला बस एकच. लाकडी बाकांची, कान फाटतील एवढं गाणं लावलेली. आमच्याकडे बस भरली की पुढचा माणूस मांडीवर बसतो. बायका बायकांच्या, बाप्ये बाप्यांच्या. कुणी विचारत नाही, कुणी नाही म्हणत नाही. मांडी नाकारली म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखंच. आणि सगळे टेकल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

आम्ही आधी चढलो. आत्या खिडकीशी, मी तिच्या शेजारी, माझ्या मांडीवर शाळेच्या मोठ्या बाई. मग मुलितालोकडचे चढले. एतुआलेला मोडक्या हाडामुळे ड्रायव्हरशेजारी बसवलं. सगळ्यात शेवटी पिसाइना मावशी, हातात नारळाच्या झापाची टोपली. तिनं बसभर नजर फिरवली. एकही बाक रिकामा नाही. एकच मांडी रिकामी होती.

बसमधलं बोलणं थांबलं. गाणं तेवढं चालू.

“पिसाइना!” ड्रायव्हर ओरडला. “बसतेस की मी इथंच म्हातारा होऊ?”

मावशी आली आणि आत्याच्या मांडीवर बसली. दोघी काही चणीनं लहान नाहीत. बाक कण्हला. मी खिडकीबाहेर पाहायचं ठरवलं, पण खिडकी त्यांच्या पलीकडे होती.

अर्धा रस्ता सरला. मग मावशी म्हणाली, “गुडघा टोचतोय तुझा.”

“उतर मग.”

“का उतरू? भाडं दिलंय.”

पुढच्या खड्ड्यात बस उडाली. आत्यानं मावशीच्या कमरेला हाताचा विळखा घातला, नाहीतर मावशी पुढच्या पाद्रीबुवांच्या टकलावर गेली असती. रस्ता नीट झाल्यावर आत्यानं हात काढून घेतला.

मग फोन वाजला. आत्याचा, तिच्या झोळीत. झोळी मावशीच्या खाली. फोन वाजतोय, वाजतोय. आत्या हलली नाही, मावशीही हलली नाही. पण पडदा झोळीच्या तोंडातून लुकलुकत होता आणि नाव दोघींनाही दिसत होतं. लुपे. आत्याची एकुलती एक, ऑकलंडला असते.

फोन बंद पडल्यावर मावशीनं समोर बघतच विचारलं, “कितवा?”

“आठवा लागला.”

“आणि आधीचे दोन...”

“हो,” आत्या म्हणाली. “दोन्ही आठव्यातच गेले.”

गाव आलं. उतरताना मावशीनं आत्याची चुरगळलेली टोपी झटकून तिच्या हातात दिली. आईनं हे पाहिलं आणि मला कोपरखळी मारली. मी म्हटलं, “मला काय मारतेस, जा ना बोल बहिणीशी.” आईनं तोंड फिरवलं.

*

घरी आल्या आल्या अप्पांनी भिंती नसलेल्या आमच्या घराच्या मधल्या खांबाला पाठ लावली. मताईची जागा. म्हणजे आता सभा.

“आधी ते येतील,” अप्पा म्हणाले. “मताईला मासा मारलाय. हाड काय, जुळतं. अब्रू जुळत नाही.”

“मासाही जुळत नाही,” आई पुटपुटली.

“तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“मी जेवण करणाऱ्यांच्या बाजूची. दोन्हीकडे तेच करत आले.”

कोपऱ्यात ताला आजी चटई विणत होती. वय अठ्ठ्याऐंशी. दिसतं कमी, ऐकू मात्र नको तेवढं येतं. “वाइतोआ,” ती म्हणाली, “गाल दुखतोय का?”

“नाही, आई.”

“मग अब्रूही बरी असेल. पुढे बोल.”

एवढ्यात लुपेचा फोन पुन्हा आला. आत्यानं तो मधे चटईवर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“आई, काय झालं कोर्टात?”

“काही नाही. शुक्रवारी बोलावलंय.”

“आई, व्हिसाच्या अर्जात एक चौकट आहे. कधी शिक्षा झालीय का म्हणून. तिथे हो लिहिलं तर... मी मागच्या दोन वेळा म्हणाले नाही तुला, ये म्हणून. वाटलं, निभेल. या वेळी मी एकटी नाही गं जाऊ शकत त्या खोलीत. मला भीती वाटते.”

अप्पांनी खांबावरून पाठ उचलली.

“येतेय मी,” आत्या म्हणाली. “तू पाय वर करून पड. मी येतेय.”

फोन ठेवला. मग अप्पा खाकरले. “गुरुवारी पहाटे. इफोंगा. मी चटईखाली बसतो. समुद्राच्या वाटेनं जाऊ, म्हणजे कुणाला दिसणार नाही. आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही.”

इफोंगा सांगून करायचा नसतोच. उजाडायच्या आत समोरच्याच्या अंगणात जायचं, घराण्यातली सगळ्यात मोलाची चटई डोक्यावर घेऊन खाली बसायचं. सोबत सरपण आणि चुलीचे दगड: हवं तर आम्हाला भाजा. त्यांनी चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर उन्हात बसून राहायचं. दगडही खावे लागले आहेत लोकांना.

“मीही बसते,” आत्या म्हणाली. “पण निसटली ती निसटली.”

“पेले,” आजी म्हणाली, “चटईखाली जाऊन खोटं बोलणार असशील तर घरीच झोप. उगाच माझी चटई मळवू नकोस.”

“आई, तुला नाही कळत. तीस वर्षं खेळले. जायच्या आधीचा माझा शेवटचा सामना. टप्पा पडला होता, मी पाहिला, आणि तो माझ्या डोळ्यांत बघून आऊट म्हणाला! आणि मी चोर? मी का कबूल करू? त्यानं केलं का?”

“त्यानं नाही केलं,” आजी म्हणाली. “आणि नातवंड कुणाचं आहे, त्याचं?”

आत्या उठून बाहेर समुद्राकडे तोंड करून बसली. आजीनं मला हाक मारली. “फेतू, माझी गादी उचल.”

गादीखाली चटया असतात आमच्याकडे, पिढ्यान् पिढ्या दाबून ठेवलेल्या. आजीनं चाचपून सगळ्यात खालची ओढली. रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसांची झालर. तिच्या आईनं विणलेली. ती लुपेच्या बाळाखाली अंथरायची ठरली होती.

“ही?” मी विचारलं.

“मग काय, फाटकी देऊ?”

*

आता मळ्याकडच्या आळीत काय चाललं होतं ते ऐका. हे मला मावशीनंच नंतर सांगितलं, तीन कप कोको पिऊन, त्यामुळे खरं असावं.

मुलितालो, एतुआलेचा थोरला भाऊ, त्यांचा मताई. तो म्हणाला, “आधी ते येतील. हाड मोडलंय आपलं. अब्रू काय, धुतली की जाते.”

“माशाचा वास जात नाही, भावोजी,” मावशी म्हणाली.

“मारताना हे सुचलं नाही?”

“मारताना राग होता. आता बसून आलेय तिच्या मांडीवर.”

 रात्री जेवणात पाल्यात शिजवलेला तारोचा कंद होता, एतुआलेच्या आवडीचा, तोही त्यानं बाजूला सारला. मावशीनं विचारलं, “हाड दुखतंय?”

“हाड नाही दुखत.”

“मग?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं भांडी गोळा करायला घेतली. लग्नाला छत्तीस वर्षं झालेले नवरा-बायको. ते दोन आठवडे ज्या गोष्टीवर बोलत नव्हते, तिच्यावर आजही बोलले नाहीत. पण मावशी बाहेर येऊन मुलितालोला म्हणाली, “भावोजी, मी मताईला मारलंय. आपणच जायला हवं. आपण गेलो तर तेही येतील. पेले सुटायलाच हवी. तिची लेक वाट बघतेय.”

मुलितालोनं बराच वेळ दाढी खाजवली. “ठीक,” तो म्हणाला. “गुरुवारी पहाटे. मळ्यातल्या वाटेनं जाऊ, म्हणजे कुणाला दिसणार नाही. आणि एतुआले, तू मोडका माणूस, तू घरीच.”

*

गुरुवारी पहाटे आम्ही चौदा जण समुद्राच्या वाटेनं निघालो. अप्पा पुढे, मागे आत्या आणि मी चटई घेऊन, आई नि बाकीचे सरपण नि दगड घेऊन. एतुआलेच्या अंगणात पोचलो, बसलो, चटई अंगावर ओढली. आत काळोख, अप्पांचा घोरल्यासारखा श्वास आणि आत्याच्या केसांतलं खोबरेल.

कोंबडा आरवला. उजाडलं. कुणी आलं नाही.

“मुद्दाम ताटकळवतायत,” अप्पा कुजबुजले.

“ताटकळवू देत,” आई म्हणाली. “माझ्या माहेरची माणसं आहेत, शिस्तीची.”

ऊन चढलं. डुकराचं पिल्लू आलं, हुंगून गेलं. माझा पाय बधिर झाला. मग घरातून सपाता ओढत कुणीतरी आलं, अंगणात थबकलं आणि म्हणालं, “अरे देवा.”

एतुआलेचा आवाज.

“एतुआले,” अप्पा चटईखालून भारदस्त आवाजात म्हणाले, “आम्ही तुमच्या घराच्या पायाशी आलो आहोत. आदरणीय मुलितालोंना निरोप द्या.”

“दादा घरी नाहीत.”

“कुठे गेले?”

“सगळेच गेलेत,” एतुआले म्हणाला. “तुमच्याकडे.”

 मग आईच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. मला वाटलं ती रडतेय. बाई हसत होती! तिनं तोंडात पोशाखाचं टोक कोंबलं, तरी सगळी चटई गदगदायला लागली.

एतुआलेनं मुलितालोला फोन लावला. तिकडे आमच्या घरी काय चाललं होतं ते आजी सांगते: ती एकटी घरात, कोको पीत बसलेली, अंगणात मुलितालोची सोळा माणसं चटईखाली. आजीनं त्यांना तासभर तसंच ठेवलं होतं. “मला दिसत नाही ना नीट,” असं तिचं म्हणणं. मधे एकदा सरपण चाचपून तिनं शेराही मारला होता, “मुलितालो, लाकडं ओली आणलीस. यावर काय भाजणार तुला?” आणि तेवढ्यात चटईखालून मुलितालोचा फोन स्तोत्र गात वाजला.

“दादा, वाइतोआ आलेत इथं. चटईखाली आहेत.”

“कसं शक्य आहे? मी वाइतोआच्या अंगणात चटईखाली आहे!”

एतुआलेनं फोन चटईच्या कडेतून आत सरकवला. दोन मताई आपापल्या चटईखालून बोलू लागले.

“आदरणीय मुलितालो, आपण उठावं आणि येऊन आम्हाला उठवावं.”

“आदरणीय वाइतोआ, न उचलता उठलो तर माझी माफी वाया गेली. आपणच उठून यावं.”

“मीही उठलो तर माझी गेली.”

“मग काय करायचं? इथं ऊन फार आहे.”

“इथं काय सावली आहे?”

तिकडून आजीचा आवाज आला, खणखणीत. तिनं फोन मागून घेतला होता. “दोघेही गप्प बसा. मार ज्याला लागला त्यानं चटई उचलावी. वाइतोआला लागलं, पण तो तिथं अडकलाय. एतुआलेला लागलं, तो मोकळा आहे. आधी एतुआले उचलेल. मग वाइतोआ घरी येऊन ही उचलेल. आणि लवकर करा, मुलितालोनं माझ्या अळूवर पाय ठेवलाय.”

ते अगदी बरोबर होतं.

एतुआलेच्या सपाता जवळ आल्या. चटईच्या कडेला त्याचा एक हात दिसला. तो हात थांबला.

“पेले,” तो म्हणाला. “एकच सांग. निसटली की फेकली?”

चटईखाली आईचं हसू थांबलं.  आत्या माझ्याशेजारी, तिचा दंड माझ्या दंडाला लागलेला.  मला वाटलं, आता ही टप्प्याचं काढणार आणि सगळं मुसळ केरात.

“फेकली,” आत्या म्हणाली. “निसटली नाही. नेम धरून फेकली, एतुआले. डोक्यालाच धरला होता, चुकला म्हणून वाचलास. देवानं वाचवलं तुला आणि मलाही. मला माफ कर.”

मग ती रडायला लागली. चटई उचलली गेली, डोळ्यांत ऊन घुसलं. एतुआले एका हातानं चटई धरून उभा, आणि त्याचेही गाल ओले.

“ऊठ,” तो म्हणाला. “ऊठ, पेले. मी...” त्यानं मान फिरवली.

अप्पा मात्र थांबले नाहीत. आमचे अप्पा, सहा फूट, पोट त्याहून पुढे, कमरेचं लुंगीसारखं लावालावा एका हातात धरून समुद्राच्या वाटेनं धावत सुटले. अख्खा गाव उठलेला. “वाइतोआ, आणखी मासा आला का मागे?” कुणीतरी ओरडलं. अप्पांनी त्यालाही हात केला. ते अंगणात पोचले, धापा टाकत चटई उचलली, आणि खाली पिसाइना मावशी घामानं लाल झालेली. ती म्हणाली, “भावोजी, चुकलं माझं.” अप्पा म्हणाले, “थांब, आधी पाणी पिऊ दे.”

दुपारी दोन्ही घरं आमच्याकडे जेवली. मावशी नि आई शेजारी बसून एकाच पानातलं डुकराचं मांस खात होत्या. आमची चटई त्यांच्याकडे गेली होती, त्यांची आमच्याकडे आली होती. एतुआले सगळ्यांत हसत होता आणि जेवत नव्हता.

*

शुक्रवारी कोर्टात पंखा मधोमध अडकला होता.

“गुन्हा कबूल?”

“कबूल,” आत्या म्हणाली. “फेकली, बाई.”

“कबूल,” मावशी म्हणाली. “मासा ताजा होता एवढंच.”

“माफीचा रीतीनं विधी झाला?”

“झाला,” दोन्ही मताई एकदम उभे राहिले.

“आधी कोण गेलं?”

हे बाईंनी विचारायला नको होतं. “आम्ही!” अप्पा म्हणाले. “कोंबडा आरवायच्या आधी!” “आम्ही!” मुलितालो म्हणाला. “आमचा कोंबडा आळशी आहे, त्यावर जाऊ नका!” दोन आठवडे कुणी आधी जायचं नाही म्हणून अडून बसलेले दोघे आता आधी गेल्याच्या मानासाठी भांडू लागले. पोलीस पुढे झाला. जजबाईंनी कागद तोंडासमोर धरला, पण कागद हलत होता.

“बसा! नाहीतर पुन्हा तारीख देईन. एतुआले, जखमी तुम्ही. काही सांगायचंय?”

एतुआले उठला. त्यानं चांगला हात गळपट्टीवर ठेवला. “बाई, तुम्ही म्हणाला होतात, टप्प्याचा खटला तुमच्यासमोर नाही.”

“नाहीच आहे.”

“तरी लिहून घ्या. चेंडूला टप्पा पडला होता. मी पाहिला होता.”

सगळ्यांच्या माना एतुआलेकडे वळल्या.

“मग आऊट का दिलंत?”

“झेल बायकोनं घेतला होता, बाई. मला घरी जेवायचं होतं.”

मग जे हसू फुटलं ते आवरायला पोलिसाला टेबल बडवावं लागलं. तोही हसतच बडवत होता. मावशीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळ्या कोर्टात एकच बाई हसत नव्हती. आत्या उभी होती, टोपी छातीशी धरून, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. जजबाईंनी निकाल वाचला, दोघींना समज, शिक्षेची नोंद नाही, मोकळ्या, तेव्हाही ती एतुआलेकडेच बघत होती.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. निम्मी माणसं कोर्टाजवळच शीतपेयं पीत रेंगाळली होती. आत्या खिडकीशी बसली. मागून मावशी चढली. तीन बाक रिकामे होते. तिनं तिन्हींकडे पाहिलं, पुढे आली आणि आत्याच्या मांडीवर बसली.

“जागा आहे गं तिकडे,” आत्या म्हणाली.

“असू दे.”

बस निघाली. वळणापाशी झोळीत फोन वाजला. आत्याचे दोन्ही हात मावशीच्या कमरेला होते. खड्डे पुढे सुरू होणार होते. “तूच घे,” ती म्हणाली. मावशीनं झोळीत हात घालून फोन काढला, कानाला लावला.

“लुपे, मी पिसाइना मावशी. हो. सुटली. तुझी आई येतेय.” ती थांबली. गाण्याच्या वर आवाज जावा म्हणून तिनं फोन तोंडाजवळ घेतला, आणि मग सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “आणि ऐक, पोरी. चेंडू माझ्या हातात टप्पा पडूनच आला होता. तुझी आई आऊट नव्हती.”